चाळिशीनंतरचे बीजगणित

ज्येष्ठ रुग्णाची एकाग्रता तपासायची असली की आम्ही डॉक्टर एक जुना प्रश्न विचारतो. शंभरातून सात वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा सात, असे करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. पाच पायऱ्या झाल्या की पुरे. गंमत अशी की या प्रश्नाने रुग्णापेक्षा शेजारी बसलेला मुलगा किंवा सूनच जास्त अवघडते. 'डॉक्टर, हे मलाही नाही जमणार. माझं गणित पहिल्यापासून कच्चं.' आपला रक्तगट सांगावा, तसे हे वाक्य सांगितले जाते. जन्माने मिळालेले, आता न बदलणारे.

हेच लोक संध्याकाळी पनवेलच्या बाजारात भाजी घेताना पाहावेत. पाव किलो भेंडी, अर्धा किलो टोमॅटो, दोन जुड्या मेथी, आधीचे राहिलेले तीस रुपये, आणि हातात पाचशेची नोट. भाजीवाली मावशी आणि गिऱ्हाईक दोघेही कागदाला हात न लावता हिशेब करतात आणि तो जुळतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी नेमके हेच तपासले होते. रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या शाळकरी मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. उत्तरे ९८ टक्के बरोबर आली. मग त्याच प्रकारची गणिते कागदावर, शाळेतल्यासारखी मांडून दिली. बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. १९८५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अवघ्या पाच मुलांवरचा होता, पण जगभरच्या शिक्षकांना तो विचारात पाडून गेला. मूल तेच, मेंदू तोच, आकडेही तसेच. मग बिघडते कुठे?

बिघाडाचा एक भाग भीतीचा आहे, आणि ही भीती नुसती म्हणायची नाही. मनातल्या मनात बेरीज करताना 'हातचा दोन' आपण कुठेतरी क्षणभर धरून ठेवतो. मेंदूची ही तात्पुरती पाटी फार लहान असते. चार-पाच गोष्टींपलीकडे तिच्यावर काही मावत नाही. भीती वाटली की 'आता माझे चुकणार, सगळे हसणार' हा विचार त्याच पाटीवर येऊन बसतो आणि हातचा पुसला जातो. शिकागो विद्यापीठातल्या इयान लायन्स आणि सियान बायलॉक यांनी २०१२ साली गणिताची धास्ती घेतलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. 'आता गणित येणार' अशी सूचना पडद्यावर दिसताच त्यांच्या मेंदूतले शारीरिक वेदनेशी निगडित भाग उजळत होते. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र तसे होत नव्हते. दुखत होती ती वाट पाहण्याची वेळ. इंजेक्शनला घाबरणाऱ्या मुलाचे आम्ही रोज पाहतो तेच हे. सुई टोचण्यापूर्वी आरडाओरडा, टोचल्यावर 'झालं पण?'

येथे डॉक्टर म्हणून एक फरक सांगायला हवा. काही मुलांना संख्येची जाण येण्यातच जन्मजात अडचण असते. तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. ती बुद्धीची उणीव नव्हे. तिचे निदान रीतसर चाचण्यांनी होते, आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा अध्ययन अक्षमतांसाठी वेगळा विभागच आहे. दुसरी गोष्ट मोठ्या वयाची. आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाला अचानक सुट्टे पैसे मोजता येईनात, डावे-उजवे कळेना, लिहिताना हात अडखळू लागला, तर ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते. त्यात तासातासाला महत्त्व असते. लगेच रुग्णालय गाठावे. हिशेबातली चूक महिन्यामहिन्याने वाढत असेल, तर स्मृतिभ्रंशासाठी तपासणी करून घ्यावी. पण 'माझे गणित कच्चे' म्हणणाऱ्या शंभर जणांतल्या बहुतेकांना यातले काहीही झालेले नसते. पाचवी-सहावीत अपूर्णांक शिकवत होते तेव्हा त्यांना कावीळ झाली होती, किंवा वडिलांची बदली झाली होती, किंवा मास्तर छडी घेऊन उभे होते. तेथे एक वीट राहून गेली आणि पुढची भिंत त्या भोकावर चढत गेली.

ती वीट पन्नाशीत बसवता येते का? मेंदूपुरते बोलायचे तर हो. जर्मनीतल्या बोगदान द्रागान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू मोठ्या परीक्षेच्या तीन महिने आधी आणि परीक्षेनंतर तपासले. अभ्यासाच्या काळात मेंदूच्या काही भागांतला करडा थर वाढलेला दिसला. ही मुले विशीतली होती हे खरे. वय वाढते तसा शिकण्याचा वेग कमी होतो, हेही खरे. पण वेग कमी होणे आणि दार बंद होणे यांत फरक आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसल्या आणि अक्षरे-अंक शिकल्या. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला, त्या सही करू लागल्या. त्या मानाने दहावीपर्यंत शाळा पाहिलेल्या, मोबाइलवर बँक चालवणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाची सबब फारच लंगडी म्हणायची.

गणित केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र मी लिहिणार नाही. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यात लहान वयात शिक्षण कमी मिळणे हा एक आहे. पण पन्नाशीत वर्गसमीकरणे सोडवली म्हणून किती टक्के संरक्षण मिळेल, हे त्यातून काढता येत नाही. कोणी छातीठोकपणे आकडा सांगून ॲप विकत असेल, तर त्यापासून चार हात दूर राहावे. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, कानाला यंत्र लागत असेल तर ते लावणे, याने मेंदूचे अधिक भले होईल.

मग गणित कशासाठी? मी रोज पाहतो ते सांगतो.

इन्सुलिनच्या काचेच्या साध्या बाटलीवर आपल्याकडे बहुतेक वेळा '४० युनिट प्रति मिलिलिटर' असे छापलेले असते. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. पेनमध्ये घालायच्या नळकांडीत मात्र १०० युनिट प्रति मिलिलिटर असे इन्सुलिन असते, आणि शंभरच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा पेन बिघडले. घरात लाल टोपणाची सिरिंज होती, म्हणून कोणी नळकांडीतले इन्सुलिन तिने ओढले, नेहमीप्रमाणे २० च्या खुणेपर्यंत. ती खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरमध्ये शंभरच्या हिशेबाने ५० युनिट झाले. विसाच्या जागी पन्नास! अशा माणसाची साखर काही तासांत इतकी उतरते की तो बेशुद्ध होऊ शकतो. उलट बाजूने, चाळीसचे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर पोटात जातात फक्त ८ युनिट, आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. यात कॅल्क्युलस नाही, लॉगरिदम नाही. सातवीचे त्रैराशिक आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त तेच मांडले.

लहान मुलांच्या तापाच्या औषधातही हेच आहे. पॅरासिटामॉल एका वेळी साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम देतात. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ३ मिलिलिटर पुरे. दुसऱ्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ असते, तेथे ६ मिलिलिटर लागतील. आणि थेंबांच्या इवल्याशा बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणून दीड मिलिलिटर. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असा समज करून थेंबांचे औषध चमचाभर पाजले, तर ५०० मिलिग्रॅम जाते, तिपटीहून जास्त. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, यात वाद नाही. पण दुकानात नेहमीची बाटली न मिळता दुसरी मिळाली, तर रात्री दोन वाजता आईला प्रमाणाचे गणित आले पाहिजे. निदान 'हे वेगळे आहे, विचारले पाहिजे' इतके तरी कळले पाहिजे.

टक्केवारीची तऱ्हा आणखी वेगळी. 'या औषधाने झटक्याचा धोका निम्म्यावर' अशी बातमी येते. शंभरातल्या चाळीस जणांचा धोका वीसवर आला, तरी निम्मा. शंभरातल्या दोघांचा एकावर आला, तरी निम्मा. पहिल्या प्रकारात पाच जणांनी औषध घेतले की एकाचा झटका टळतो. दुसऱ्यात शंभर जणांनी घ्यावे लागते, तेव्हा एकाचा टळतो. खर्च आणि दुष्परिणाम मात्र शंभरांचे. 'निम्मा कशाच्या?' एवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तरी वर्तमानपत्रातली आरोग्याची पाने, हे सदर धरून, अधिक सावधपणे वाचली जातील.

आणि हा प्रश्न डॉक्टरांनाही सुटतोच असे नाही. १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, त्यांत वरिष्ठ डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी असे सगळे होते, एक कोडे घातले गेले. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच्याबद्दल आणखी काहीच माहिती नाही, तर त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी उत्तर दिले ९५ टक्के. बरोबर उत्तर ६० पैकी ११ जणांनीच दिले.

सूत्र बाजूला ठेवू आणि माणसे मोजू. पनवेलच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलातल्या हजार रहिवाशांची चाचणी केली असे समजा. आजार एकाला, आणि तो चाचणीत सापडला असे धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांच्या पाच टक्के, म्हणजे साधारण ५० जणांना चुकीचा पॉझिटिव्ह अहवाल आला. एकूण पॉझिटिव्ह ५१. त्यांत खरा रुग्ण एक. एक्कावन्नात एक म्हणजे दोन टक्के. पंचाण्णव नव्हे, दोन. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये काहीही लक्षण नसताना पंचवीस-तीस तपासण्या करून, एका लाल अक्षरातल्या आकड्याने झोप उडालेली माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना कागदाच्या मागे हे हजार लोक काढून दाखवतो. दहावीच्या पुस्तकातल्या 'संभाव्यता' या प्रकरणापुरते गणित त्याला पुरते. चाचणी निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. लक्षणे असलेल्या माणसाची चाचणी केली, तर 'हजारात एक' हा सुरुवातीचा आकडाच बदलतो आणि त्याच अहवालाचे वजन वाढते.

मोठेपणी गणित शिकणाऱ्या डॉक्टरांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो रोनाल्ड रॉस. १८५७ साली अल्मोड्यात जन्मलेला हा माणूस वडिलांच्या हट्टापायी डॉक्टर झाला. १८८१ मध्ये तो हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत आला. लष्करी छावणीत काम थोडे आणि वेळ भरपूर. त्याने कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या आणि मद्रास प्रांतातल्या दिवसांत गणिताची पुस्तके घेऊन स्वतःच अभ्यास सुरू केला. कोणती परीक्षा द्यायची नव्हती, बढती मिळायची नव्हती. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याला हिवतापाचे परजीवी सापडले आणि १९०२ मध्ये नोबेल मिळाले. हे शाळेत आपण वाचलेले असते. त्यापुढची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. डास मारा, असे तो सांगत फिरू लागला तेव्हा लोक म्हणाले, सगळे डास मारणे कोणाला शक्य आहे? रॉसने उत्तर दिले ते समीकरणांतून. मॉरिशसच्या १९०८ च्या अहवालात आणि नंतर 'द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया' या ग्रंथात त्याने दाखवले की सगळे डास मारावे लागतच नाहीत. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की हिवताप आपोआप ओसरू लागतो.

कल्पना सोपी आहे. एका रुग्णापासून पुढे दोघांना आजार होत असेल, तर दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात. डास कमी करून तोच आकडा दोनावरून ०.८ वर आणला, तर शंभर रुग्णांचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, आणि दहाव्या फेरीला उरतात जेमतेम अकरा. सारा खेळ तो आकडा एकाच्या वर आहे की खाली, याचा. करोनाच्या काळात टीव्हीवर 'आर' म्हणून जो सतत ऐकू यायचा, तो याच कुळातला. पावसाळ्यात आमच्या भागात बांधकामांच्या खड्ड्यांत, गच्चीवरच्या टाक्यांत पाणी साचते आणि आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून ते ओतायला लावतात. 'शेजारच्या प्लॉटवर एवढं पाणी आहे, माझ्या एका कुंडीनं काय होणार?' असे त्यांना ऐकवले जाते. रॉसला विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि उत्तरही तेच आहे.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. रुग्ण पाहता पाहता त्यांनी जुन्या भारतीय गणितज्ञांच्या हस्तलिखितांचा माग काढला. चाळीसगावजवळच्या पाटण येथला, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख त्यांनी उजेडात आणला, आणि १८६५ साली आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या काळाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्या काळच्या मुंबईतल्या डॉक्टरला फावला वेळ किती असेल, याची मला कल्पना करता येते.

माझी गोष्ट इतकी मोठी नाही. आमच्या वेळी डॉक्टर व्हायचे ठरले की जीवशास्त्राकडे सगळे लक्ष आणि गणिताला रामराम, अशीच रीत होती. २०२० साली रुग्णसंख्येचे आलेख रोज समोर येऊ लागले. काहींची उभी पट्टी १०, १००, १,००० अशी चढत जायची. कोष्टकाचा अर्थ लागत होता, पण तो आलेख तसा का काढतात हे मला मुळापासून हवे होते. म्हणून अकरावीचे पुस्तक उघडले आणि लॉगरिदमपाशी थांबलो. लॉगरिदमसाठी घातांक लागले, घातांकांसाठी आठवीत जावे लागले. आठवीचे पुस्तक मांडीवर घेऊन हार्बर लोकलने पनवेलहून मुंबईला बैठकीला जाताना शेजारच्याने विचारलेही, 'मुलाचं का?' सव्वा तासाच्या प्रवासात एक उदाहरणसंग्रह होतो. आता गणपतीत ध्वनिवर्धकाच्या भिंतीवरून डेसिबलचा वाद निघतो, तेव्हा मला ते आकडे बोलके वाटतात. ७५ आणि ८५ यांत दहाचाच फरक दिसतो, पण आवाजाची तीव्रता दहापट झालेली असते. तीन डेसिबल वाढले की जवळजवळ दुप्पट. कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, हे सांगायला मग जरा धार येते.

सुरुवात कुठून करावी, हे विचारणारे बहुतेक जण थेट दहावीचे पुस्तक आणतात आणि 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या पहिल्याच प्रकरणात अडखळतात. ते सोडून द्यावे. आधी एका कोऱ्या कागदावर पाच गणिते करावीत. अर्धा अधिक एक-तृतीयांश किती? उणे तीन गुणिले उणे दोन किती? ०.५ ला ०.०५ ने भागले तर किती? शंभर रुपयांची किंमत वीस टक्के उतरली आणि मग वीस टक्के चढली, तर आता किती? कोणत्या संख्येची तिप्पट करून पाच मिळवले की वीस होतात? जेथे हात थांबेल, ती आपली इयत्ता. लाज वाटायचे कारण नाही, तेथे दुसरे कोणी बसलेले नसते. (उत्तरे: पाच-षष्ठांश, सहा, दहा, शहाण्णव रुपये आणि पाच. चौथ्याला बरेच जण शंभर म्हणतात.)

पुस्तकांसाठी खर्च नाही. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे १९६७ पासूनच्या आपल्या 'बालभारती'ची सगळी पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. पाचवी ते दहावीची गणिताची पुस्तके मराठीत वाचावीत असे मी सुचवीन, जरी शाळा इंग्रजीत झालेली असली तरी. 'छेद', 'चल', 'सहगुणक' हे शब्द दोन दिवस अनोळखी वाटतात, मग अंगवळणी पडतात. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ असे. घोकंपट्टी होती हे मान्य, पण अपूर्णांकांची भीती तिने कायमची घालवली होती. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावन्न'ऐवजी 'पन्नास सात' आले म्हणून केवढा गहजब झाला होता! त्यातले निम्मे वीर तरी औटकी म्हणून दाखवतील का, असा खवचट विचार तेव्हा मनात येऊन गेला.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट संशोधनाने पक्की केली आहे, आणि ती आपल्या सवयीच्या विरुद्ध जाते. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली की छान जमले असे वाटते. अमेरिकेतल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. काहींना एकेका प्रकारची गणिते सलग दिली, काहींना तीच गणिते मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा मिसळवाल्यांची ६३ टक्के उत्तरे बरोबर आली, सलगवाल्यांची २० टक्के. कारण खऱ्या परीक्षेत, आणि औषधाच्या बाटलीवरही, 'हे त्रैराशिकाचे गणित आहे' असे वर लिहिलेले नसते. ते ओळखणे हाच निम्मा अभ्यास. म्हणून आज शिकलेल्या प्रकरणातली तीन, गेल्या आठवड्यातली दोन, महिन्यापूर्वीचे एक, अशी भेळ करावी. सोडवलेले उदाहरण वाचून 'समजले' म्हणू नये. पुस्तक मिटून तेच कागदावर उतरवून पाहावे. मोबाइलने गणिताचा फोटो काढून उत्तर मिळवणे म्हणजे दुसऱ्याला फिरायला पाठवून आपले वजन कमी होण्याची वाट पाहणे. रोज अर्धा तास पुरतो, आणि झोप मोडून बसू नये, कारण शिकलेले पक्के होते ते झोपेतच.

ज्यांना पुस्तक उघडायचीच धडकी भरते, त्यांना मी देवळालीच्या एका शाळामास्तरांचा खेळ देतो. द. रा. कापरेकर हे त्यांचे नाव. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. २०२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा, ४२२०. चढत्या क्रमाने, ०२२४. वजाबाकी ३९९६. पुन्हा तेच: ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. पुन्हा: ६६४२ वजा २४६६, ४१७६. पुन्हा: ७६४१ वजा १४६७, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कुठल्याही संख्येपासून निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोहोचता. कापरेकरांनी हे १९४९ साली जाहीर केले आणि त्यांचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत गेले. दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना करायला चांगला उद्योग आहे. आठ-दहा वजाबाक्या झाल्यावर लक्षात येते की आपण अर्धा तास गणित करत होतो आणि काही दुखले नाही.

परीक्षा द्यायचीच असेल तर तीही सोय आहे. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, आणि १९८९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींनी यंदा फॉर्म भरायचे ठरवले आहे. आठवीत शाळा सुटली, आता मुले नोकरीला लागली. रात्रपाळीत सामसूम झाली की त्या वही काढतात. परवा त्यांनी विचारले, 'सर, उण्याला उण्यानं गुणलं की अधिक का होतं? पाठ करते, पण पटत नाही.' त्या बचत गटाचा हिशेब लिहितात. मी म्हटले, तुमच्या नावावर तीन-तीनशे रुपयांची देणी आहेत, ती उणे. गटाने त्यातली दोन खोडली, तेही उणे. तुमच्या खात्यात काय झाले? त्यांनी क्षणभर वहीकडे पाहिले. 'सहाशे वाढले की!' म्हणाल्या, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळल्या. बीजगणिताचा चाळीस गुणांचा पेपर आता त्यांना अवघड वाटत नाही. भूमितीत सिद्धता लिहायला वेळ लागतो, म्हणून त्या समरूप त्रिकोणांची प्रमेये रोज एक याप्रमाणे कागदावर उतरवतात आणि सकाळी ड्यूटी संपताना मला तपासायला देतात.